पंचाण्णव वर्षे कागदावर राहिलेले मत

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात अमेरिकेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. तिथल्या काळ्यांना मताचा अधिकार १८७० सालीच घटनेने दिला होता, मग १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर ती माणसे लाठ्या कशासाठी खात होती? गेल्या वेळी हे विचारणारा मुलगा अभियांत्रिकीला होता. त्याचे पुढचे वाक्य असे होते की घटनेत एकदा लिहिले गेले की ते कोणाचा बाप काढून घेऊ शकत नाही. आम्ही त्याला विचारले, तुझ्या आईचे नाव मतदार यादीत आहे का, शेवटचे कधी पाहिलेस? त्याने पाहिले नव्हते. वर्गातल्या बहुतेकांनी पाहिले नव्हते.

त्या दिवशी उत्तर अर्धवट राहिले. ते इथे पूर्ण करतो.

आधी त्या घटनादुरुस्तीची भाषा पाहू. पंधरावी दुरुस्ती ३ फेब्रुवारी १८७० ला संमत झाली. ती प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा अधिकार देत नाही. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारता येणार नाही, एवढेच ती म्हणते. फरक बारीक वाटतो, पण पुढची पंचाण्णव वर्षे याच फटीतून वाहून गेली. शिक्षण, मालमत्ता आणि जन्मस्थान या कारणांवरूनही मत नाकारता येऊ नये, असा व्यापक मसुदा काँग्रेससमोर आला होता. तो टिकला नाही. म्हणजे काळा म्हणून मत नाकारायला बंदी झाली. निरक्षर म्हणून, गरीब म्हणून, फी भरली नाही म्हणून नाकारायला दार उघडे राहिले. आणि गुलामगिरीत काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवणे अनेक दक्षिणी राज्यांत गुन्हाच होता. ज्यांनी अक्षर बंद केले त्यांनीच पुढे अक्षराची परीक्षा घेतली. आपल्या लोकांना हे समजावून सांगायला लागत नाही.

तरी सुरुवातीची काही वर्षे चमत्कार वाटावा अशी होती. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, केंद्राचे सैन्य दक्षिणेत असताना, लाखो काळे मतदार नोंदले गेले. मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स १८७० मध्ये सिनेटर झाले. साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात काळ्या प्रतिनिधींचे बहुमत होते. कालपर्यंत ज्यांचा लिलाव होत होता ती माणसे शाळा, कर आणि रस्ते यांवर कायदे करू लागली. बंदूक घेऊन याला उत्तर देणारेही लगेच उभे राहिले. लुइझियानात कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या दिवशी, निवडणुकीच्या वादातून गोऱ्या टोळ्यांनी काळ्यांची कत्तल केली. त्या खटल्यात काहींना शिक्षा झाली, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. त्याच वर्षी केंटकीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगून टाकले की पंधरावी दुरुस्ती कोणाला मताचा अधिकार बहाल करत नाही. १८७७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या दोन पक्षांनी अध्यक्षपदाचा वाद आपसात मिटवला, सैन्य बाजूला झाले आणि दक्षिणेतले काळे पुन्हा जुन्या मालकांच्या हाती आले.

इथवरचा इतिहास रक्ताचा आहे, म्हणून तो लक्षात राहतो. आम्हाला मात्र त्याच्या पुढचा, कारकुनीचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. रक्त सांडले की निदान बातमी होते.

१८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. घटना परिषदेत १३४ प्रतिनिधी होते आणि त्यांत काळा माणूस एकच, आयझाया माँटगोमेरी. हे सगळे कशासाठी चालले आहे ते तिथल्या पुढाऱ्यांनी लपवले नाही. काळ्यांना बाहेर ठेवण्यासाठीच आपण जमलो आहोत, असे परिषदेचे अध्यक्ष उघड म्हणाले. पण घटनेत काळा हा शब्द मताच्या कलमांत कुठेही घातला नाही. दोन डॉलरचा पोल टॅक्स, म्हणजे मतासाठी भरायचा डोईपट्टीसारखा कर. राज्यात दोन वर्षे आणि त्याच मतदान क्षेत्रात एक वर्ष वास्तव्य. ज्याला वर्षअखेर दुसऱ्या जमीनदाराकडे जावे लागते त्या बटाईदाराला ही अट कशी झेपणार? मत कायमचे घालवणाऱ्या गुन्ह्यांची यादी. आणि सगळ्यात वर, राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा योग्य अर्थ सांगता आला पाहिजे. कोणते कलम विचारायचे आणि अर्थ योग्य आहे की नाही, हे रजिस्ट्रार ठरवणार. रजिस्ट्रार गोरा.

या घटनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. १८९८ मध्ये न्यायालय म्हणाले, या मजकुरात वंशभेद दिसत नाही. दिसणार कसा? लिहिलाच नव्हता.

मग रांग लागली. लुइझियाना, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा, व्हर्जिनिया. लुइझियानाने १८९८ मध्ये नामी युक्ती काढली: १ जानेवारी १८६७ ला ज्याला, ज्याच्या बापाला किंवा आजाला मताचा अधिकार होता त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला तिथल्या काळ्याचा आजा मतदार असणे शक्यच नव्हते. जन्मावर पात्रता ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही; तिथे त्याला आजोबा-कलम म्हणत, इथे त्याला धर्म म्हणत. परिणाम आकड्यांत पाहा. १८९६ मध्ये लुइझियानात १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये ५,३२०. १९०४ मध्ये १,३४२. आठ वर्षांत सव्वा लाखाहून अधिक माणसे यादीतून गेली, आणि घटनेतली पंधरावी दुरुस्ती होती तिथेच, एक अक्षरही न बदलता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या कात्रीत गरीब गोरेही सापडले. १८९० च्या दशकात दक्षिणेत गरीब गोरे शेतकरी आणि काळे एकत्र येऊ लागले होते. नॉर्थ कॅरोलिनात त्यांनी मिळून सत्ताही मिळवली होती. विल्मिंग्टन शहरात १० नोव्हेंबर १८९८ ला शस्त्रधारी गोऱ्यांनी ते निवडून आलेले नगरशासन उलथून टाकले आणि काळ्यांना मारले, पळवून लावले. पोल टॅक्सने गरीब गोऱ्याचेही मत गेले. अलाबामात वर्षाचा दीड डॉलर कर थकत थकत छत्तीस डॉलरपर्यंत साचत असे, आणि तो मागचा सगळा भरल्याशिवाय मत नाही. बटाईच्या शेतावर राबणाऱ्याने, काळा असो की गोरा, ते आणायचे कुठून? पण गोऱ्याला निदान रजिस्ट्रार ओळखीचा होता.

आता जॅक्सन गाइल्स या माणसाबद्दल. आमच्या मते या सबंध इतिहासातला सर्वात शिकवणारा खटला त्याचा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

गाइल्स अलाबामाच्या माँटगोमेरीचा. शिकलेला, कर भरणारा, वर्षानुवर्षे मत दिलेला. १९०१ च्या राज्यघटनेनंतर तो नाव नोंदवायला गेला तेव्हा त्याला परत पाठवले. त्या घटनेत मेख अशी होती की १९०३ सुरू होण्याआधी ज्याचे नाव लागेल तो जन्मभराचा मतदार, आणि त्यानंतर येणाऱ्याला कडक परीक्षा. त्या मुदतीत गोऱ्यांची नावे भराभर लावली आणि काळ्यांना ताटकळत ठेवले. गाइल्सने स्वतःसाठी आणि माँटगोमेरी काउंटीतल्या पाच हजारांहून अधिक काळ्या नागरिकांसाठी दावा लावला. खटल्याचा पैसा बुकर टी. वॉशिंग्टन गुपचूप पुरवत होते. तेच वॉशिंग्टन, जे उघडपणे काळ्यांना राजकारण सोडून हातचे काम शिका म्हणत. (माणसे अशी दुहेरी का वागतात, कोणत्या दडपणाखाली वागतात, हा वेगळा विषय आहे. आपल्याकडेही त्याची उदाहरणे कमी नाहीत.)

१९०३ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला. त्याचा सारांश आमच्या शब्दांत असा: तुम्ही म्हणता ही सगळी नोंदणीच लबाडीची आहे, मग त्याच लबाडीच्या यादीत तुमचे नाव घाला असा हुकूम आम्ही कसा देऊ? आम्हीही त्या लबाडीचे भागीदार होऊ. आणि दुसरे, राज्यातली बहुसंख्य गोरी जनता तुम्हाला मत देऊ द्यायचे नाही असे ठरवून बसली असेल, तर आमच्या कागदी हुकमाने काय होणार? तुम्ही राज्याच्या किंवा केंद्राच्या राजकीय सत्तेकडे दाद मागा.

म्हणजे ज्याचे मतच काढून घेतले आहे त्याला सांगितले, जा, मताने मिळणाऱ्या सत्तेकडे जा. तीन न्यायमूर्तींनी विरोधात मत दिले. गाइल्स पुन्हा गेला, १९०४ मध्ये पुन्हा हरला. आमच्यातले जे तरुण प्रत्येक अन्यायावर कोर्टात जाऊ एवढेच उत्तर देतात, त्यांनी हा खटला एकदा तरी वाचावा. कोर्टात जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पुढे काळ्यांनी खूप काही कोर्टातूनच मिळवले. पण यादी बिघडलेली असेल तर न्यायाधीशालाही ती हाताळायची भीती वाटते, हे कळून जावे.

या काळात बाबासाहेब अमेरिकेत होते. जुलै १९१३ ते १९१६, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. हार्लेम जवळच. २१ जून १९१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमाचे आजोबा-कलम रद्द केले. ओक्लाहोमाने काय केले पाहा. नवा कायदा आणला: १९१४ मध्ये, म्हणजे जुने कलम चालू असताना, ज्यांनी मत दिले ते आपोआप मतदार. बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नाव नोंदवायचे. ज्याचे राहिले त्याचे कायमचे राहिले. ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तो त्या बारा दिवसांतला दहावा दिवस होता. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण आम्हाला तो विसरता येत नाही. हा बारा दिवसांचा कायदा रद्द व्हायला १९३९ उजाडावे लागले.

त्याच कोलंबियात तेव्हा विल्यम डनिंग इतिहास शिकवत. काळ्यांना मत देणे हीच पुनर्रचनेची घोडचूक होती, असा इतिहास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिला आणि तो अमेरिकेच्या शाळाशाळांत गेला. मत काढून घेतल्यावर ते काढणे योग्यच होते हे सांगणारा इतिहासही लागतोच. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये काळ्यांच्या बाजूने पुनर्रचनेचा इतिहास लिहून त्याला उत्तर दिले. याच ड्यु बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. त्याआधी १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले हे तपासणाऱ्या ग्रंथात, त्यांनी अमेरिकन काळ्यांची हकिकत सविस्तर मांडली होती. स्वातंत्र्याच्या लढाईत ज्यांना वापरले आणि नंतर वाऱ्यावर सोडले त्यांची गत अस्पृश्य विसरू शकत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. साउथबरो कमिटीपुढे १९१९ मध्ये आणि सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये त्यांनी मताधिकाराचा आग्रह धरला. ज्यांना शिक्षण नाकारले त्यांनाच अशिक्षित म्हणून मत नाकारणे ही दुहेरी शिक्षा आहे, हा त्यांचा युक्तिवाद मिसिसिपीच्या रजिस्ट्रारलाही लागू पडतो.

कायद्यांखेरीज आणखी एक वाट होती, ती म्हणजे खासगीपणाची. टेक्सासात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार निवडणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक असे, कारण दुसरा पक्ष नावालाच होता. तीत काळ्यांना बंदी. न्यायालयाने राज्याचा तसा कायदा १९२७ मध्ये रद्द केला, तर पक्ष म्हणाला, आम्ही खासगी संस्था आहोत, सभासद कोणाला करायचे ते आमचे आम्ही बघू. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्यही केले. महाडचे चवदार तळे आठवा. तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, असाच दावा सवर्णांनी लावला होता आणि मुंबई उच्च न्यायालयात तो १९३७ मध्ये निकाली निघून आपण जिंकलो. टेक्सासातला निकाल उलटायला १९४४ पर्यंत थांबावे लागले. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक बेकायदा ठरली.

मत गेले की फक्त मत जात नाही. ज्युरीवर बसणारी माणसे मतदार यादीतून घेतली जात. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. खटला टॅलाहाची काउंटीत चालला. तिथे एकही काळा मतदार नोंदलेला नव्हता. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात आरोपींना सोडले. खैरलांजीनंतर न्यायाची वाट पाहिलेल्यांना याहून जास्त काय सांगावे.

आता त्या टेबलापाशी येऊ. ३१ ऑगस्ट १९६२. मिसिसिपीतली सनफ्लॉवर काउंटी, इंडियनोला गाव. फॅनी लू हेमर, वय ४४, वीस भावंडांतली धाकटी, कापसाच्या मळ्यावर हिशेब ठेवणारी बटाईदारीण, आणखी सतरा जणांबरोबर बसने नाव नोंदवायला आली. काळ्या माणसाला मत असते हे तिला त्याच उन्हाळ्यात कळले होते. रजिस्ट्रारने तिच्यापुढे राज्यघटनेतले एक कलम ठेवले, तेही कायद्याच्या किचकट शब्दांतले, आणि अर्थ लिहायला सांगितला. ती नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे, शाळेच्या बससारखा दिसतो. दंड भरून ती घरी पोहोचली तो मळ्याचा मालक दारात. अर्ज मागे घे, नाही तर मळा सोड. अठरा वर्षे तिथे राबलेल्या हेमरने त्याच रात्री मळा सोडला. दहा दिवसांनी ती जिथे आसऱ्याला होती त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या जानेवारीत ती परीक्षा पास झाली. मग मत द्यायला गेली तर म्हणाले, पोल टॅक्सच्या दोन पावत्या कुठे आहेत? जून १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला अशी मारहाण झाली की ती दुखणी जन्मभर राहिली.

एकाच बाईच्या वाट्याला आलेले अडथळे मोजा. कलम, बसचा रंग, मालक, गोळ्या, पावती, तुरुंग. यातल्या कशावर वंश हा शब्द लिहिला होता?

सेल्मा ही अलाबामातल्या डॅलस काउंटीची राजधानी म्हणावी अशी जागा. निम्मी लोकसंख्या काळी. मतदानाच्या वयाचे पंधरा हजारांच्या आसपास काळे, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांतले नोंदलेले साडेतीनशेही नव्हते. रजिस्ट्रारचे ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडे. ७ ऑक्टोबर १९६३ ला, नोंदणीच्या दिवशी, सुमारे साडेतीनशे काळी माणसे कोर्टाच्या इमारतीबाहेर रांगेत उभी राहिली. सकाळपासून उन्हात. दुपारपर्यंत मूठभरच आत गेली. शेरीफ जिम क्लार्कची माणसे काठ्या आणि जनावरांना टोचायच्या विजेच्या कांड्या घेऊन भोवती. रांग सोडली की नंबर गेला. आणि रांगेतल्यांना कोणी खायला-प्यायला द्यायचे नाही असा हुकूम. विद्यार्थी चळवळीचे दोन कार्यकर्ते सँडविच आणि पाणी घेऊन पुढे गेले, त्यांना मारून गाडीत कोंबले. केंद्र सरकारचे अधिकारी समोर उभे राहून नोंदी करत होते.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. नाव नोंदवायचा अनेकदा प्रयत्न केलेला सव्वीस वर्षांचा जिमी ली जॅक्सन फेब्रुवारी १९६५ मध्ये पोलिसाच्या गोळीने गेला. ७ मार्चला सुमारे सहाशे माणसे एडमंड पेटस पुलावर निघाली आणि त्यांना घोड्यांखाली, लाठ्यांखाली, अश्रुधुरात झोडपले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. लोक पुलाची छायाचित्रे पाहतात. आम्ही म्हणतो, कायद्यातली तरतूद पाहा. जिथे मतदान मारले गेले होते तिथे परीक्षा बंद. गरज पडली तर केंद्राचे अधिकारी येऊन स्वतः नावे लिहिणार. आणि पाचवे कलम: अशा राज्यांना निवडणुकीचा कोणताही नियम, मतदान केंद्राची जागासुद्धा, केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलता येणार नाही. भेदभाव होत नाही हे आता राज्याने सिद्ध करायचे. गाइल्सच्या वेळी जो बोजा गाइल्सच्या खांद्यावर होता तो उचलून सरकारच्या खांद्यावर ठेवला. मिसिसिपीत नोंदलेल्या काळ्या मतदारांचे प्रमाण ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. पंचाण्णव वर्षांत घटनेच्या वाक्याला जे जमले नाही ते दोन वर्षांत झाले.

सेल्माशेजारची लाउंड्स काउंटी. इथे वस्तीतले ऐंशी टक्के लोक काळे आणि १९६५ उजाडले तेव्हा यादीत काळा मतदार एकही नाही. गोऱ्यांची नावे मात्र काउंटीतल्या प्रौढ गोऱ्यांपेक्षा जास्त! नावे नोंदवली म्हणून बटाईदारांना मळ्यांवरून हुसकले, तर ती कुटुंबे हमरस्त्यालगत तंबूंत राहिली. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चित्र-चिन्ह लागे. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या काळ्यांनी चिन्ह घेतले काळा पँथर. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या तरुणांनी तोच पँथर आपल्या संघटनेसाठी उचलला, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर उभी केली. आपल्या शर्टावर, भिंतीवर जो पँथर आहे तो मुळात मतपत्रिकेवर छापलेले निवडणूक चिन्ह होता, न वाचता येणाऱ्या माणसाला शिक्का कुठे मारायचा ते कळावे म्हणून. नोव्हेंबर १९६६ ला ते उमेदवार हरले. १९७० मध्ये त्यांचेच जॉन ह्यूलेट त्या काउंटीचे शेरीफ झाले.

कायदा झाल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही. राज्यांच्या निवडणुकांसाठी पोल टॅक्स अजून होता. हॅटीसबर्गचे व्हर्नन डाह्मर यांनी रेडिओवर जाहीर केले की माझ्या दुकानात कर भरा, मी पोहोचवतो. १० जानेवारी १९६६ च्या पहाटे क्लॅनने त्यांचे घर पेटवले. ते त्याच दिवशी गेले. त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात होते. मार्चमध्ये न्यायालयाने तो कर रद्द केला. क्लॅनच्या प्रमुखाला शिक्षा झाली १९९८ मध्ये.

२५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वपरवानगी कोणाला लागू हे ठरवणारे सूत्र रद्द केले. कारण, परिस्थिती बदलली आहे. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात म्हटले की पावसात भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केले की अडकून पडलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्यात बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने कोणत्या वंशाचे लोक मतदानाची कोणती सोय वापरतात याची आकडेवारी मागवली आणि काळे जे जास्त वापरत ते कापले. आगाऊ मतदानाचे दिवस सतरावरून दहावर आणले. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा रद्द केला तेव्हा शस्त्रक्रियेच्या अचूकतेची उपमा वापरली. अलाबामाने मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचे केले आणि २०१५ मध्ये ते जिथे मिळते त्या वाहन परवान्यांच्या ३१ कचेऱ्या बंद करायला काढल्या, त्यांत काळ्यांच्या वस्तीच्या अनेक काउंट्या होत्या. ओरड झाल्यावर काही महिन्यातून एकदा उघडू लागल्या. फ्लोरिडात २०१८ मध्ये जनतेने मोठ्या बहुमताने ठरवले की शिक्षा भोगून आलेल्यांना मत परत द्यावे. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली: आधी सगळे दंड आणि कोर्टाची फी भरा.

आपल्यातले काही मित्र यावर विचारतात, ओळखपत्र तर आपल्याकडेही लागते, यात वंशवाद कुठे आला? प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच की आपल्याकडे यादी करणे आणि मतदाराचे ओळखपत्र देणे हे सरकारचे काम मानले आहे. अमेरिकेत नाव नोंदवणे बहुतेक राज्यांत ज्याचे त्याने करायचे, आणि नियम राज्याराज्यांचे, कित्येकदा काउंटीकाउंटीचे वेगळे. १५ जून १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी निवडणुका केंद्रीय आयोगाकडे देणारा बदल मांडला. तेव्हा त्यांनी कारण सांगितले की काही प्रांतांची सरकारे वेगळ्या वंशाच्या, भाषेच्या, संस्कृतीच्या लोकांची नावे यादीत येऊ नयेत अशी व्यवस्था करत असल्याच्या तक्रारी आहेत. यादी कोणाच्या हातात, हा प्रश्न त्यांनी कलम ३२४ च्या मुळाशी ठेवला. तरी आम्ही वस्तीत फॉर्म भरायला बसतो तेव्हा दर वेळी पाच-दहा माणसे अशी भेटतात जी पूर्वी मत देत होती आणि आता यादीत नाहीत. भाड्याची खोली बदलली, लग्नाने नाव बदलले, कोणीतरी येऊन गेला तेव्हा दाराला कुलूप होते. एकालाही कोणी जात विचारलेली नसते.

२०२१ मध्ये जॉर्जिया राज्याने नवा निवडणूक कायदा केला. तिथे काळ्यांच्या वस्त्यांत मतदानाच्या रांगा तासन्‌तास चालतात आणि शेजारपाजारचे, चर्चचे लोक रांगेतल्यांना पाणी, खाऊ वाटत. नव्या कायद्याने मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत, आणि रांगेतल्या मतदारापासून २५ फुटांच्या आत, असे पाणी देणे गुन्हा ठरवले. २०२३ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशाने १५० फुटांबाहेरची बंदी थांबवली. त्या रेषेच्या आत बाटली हातात द्यायला बंदी कायम राहिली.